उतराईचं पान

१

सत्तावीस आंब्यांतला एक आंबा चोरीला गेला, आणि तोही दसरा उलटून गेल्यावर, जेव्हा झाडावर पानांशिवाय काही नसतं. बलभीम जमादारांना ही बातमी फोनवर मिळाली तेव्हा ते अंगणात सोयाबीन वाळत घालत होते. त्यांनी सोयाबीन तिथंच सोडलं, टोपी घातली आणि निघाले. मागून त्यांच्या बायकोचा, दीपमालाबाईंचा आवाज आला, "अहो, हे आता कोण पसरायचं?" पण तपासाला निघालेला माणूस असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही.

भूमपासून एसटीनं पाऊण तासावरचं चिंचदरा हे त्यांचं गाव. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, तरी गाव त्यांना जमादारच म्हणे. या सहा वर्षांत त्यांच्या वाट्याला एकच प्रकरण आलं होतं, एका हरवलेल्या शेळीचं, आणि ती शेळी तपास सुरू व्हायच्या आत आपल्या पायांनी घरी आली होती. त्यामुळं खरीखुरी चोरी झाली म्हटल्यावर जमादारांची चाल जरा ताठ झाली, हे खोटं कशाला बोला. पण चोरी कुणाच्या घरी झाली हे मनात आलं आणि पाय पुन्हा जमिनीवर आले. चोरी शिवलिंगप्पा गुरुजींकडं झाली होती.

गुरुजींनी गावच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. सातवीत सगळ्याच विषयांत गटांगळ्या खाणाऱ्या बलभीमला त्यांनी नकाशा काढायला शिकवलं होतं. आधी उत्तर दिशा, मग पावलांनी मोजलेलं अंतर, मग डोळ्यांना दिसतं तेवढंच, मनाचं काही घालायचं नाही. पुढं खात्यात जमादारांचे पंचनाम्याचे नकाशे साहेबलोक मागून नेत. आपली नोकरी त्या नकाशांवर निभावली हे जमादारांना पक्कं ठाऊक होतं, आणि हे गुरुजींना कधी तोंडानं सांगितलं नाही याची रुखरुखही होती.

गुरुजींच्या आतल्या खोलीत सतरंजीवर चित्रांचा गठ्ठा होता आणि त्याच्यासमोर राजनंदिनी मॅडम डोकं धरून बसल्या होत्या. त्या भूमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. गावच्या आमराईतल्या गावरान आंब्यांचं सचित्र पुस्तक त्या तीन वर्षं लिहीत होत्या. ही आमराई कुलदीप पाटलांची. सत्तावीस झाडं, सगळी कोयीपासून उगवलेली, म्हणून एकाचं फळ दुसऱ्यासारखं नाही आणि प्रत्येक झाडाला स्वतःचं नाव. शेपूच्या वासाचा तो शेप्या, लांबोडका तो केळ्या, लाल गालाचा तो शेंदऱ्या. गुरुजींनी प्रत्येक आंब्याचं एक पान रंगवलं होतं: अख्खं फळ, कापलेलं फळ, कोय, पानांचा झुबका, आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात नाव, चव आणि मालक.

"चौदा नंबर गेलाय," मॅडम म्हणाल्या. "उतराई. बुधवारी संध्याकाळी मी स्वतः सगळी पानं नंबरानं मोजून ठेवली. काल गुरुवारी गुरुजींना डोळ्यांसाठी सोलापूरला नेलं. आज बघते तर सव्वीसच. आणि बाकीची सगळी उलटीपालटी करून ठेवलीत."

"सोमवारी छपाईला जायचंय ना?"

"तेच तर."

"माझ्या मोबाइलवर हाय का फोटो बघा की," जमादार म्हणाले, कारण गुरुजींनी त्यांना एकदा कौतुकानं सगळी चित्रं दाखवली होती.

"मोबाइलचा फोटो पानाएवढा केला की फाटतो, काका. आणि पिवळ्याचा हिरवा होतो."

गुरुजी खाटेवर बसले होते. त्यांनी जमादारांच्या आवाजाकडं तोंड वळवलं, पण नजर त्यांच्या खांद्याच्या थोडी पलीकडं गेली. "उतराई मी सगळ्यात शेवटी काढली, बलभीम. डावा डोळा तेवढ्यापुरता टिकला. काल डॉक्टर म्हणाले, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नसते." ते थांबले आणि अगदी सहज म्हणाले, "ते पान सापडलं तर सापडलं. मला दुसरं काढता येणार नाही."

२

पंचनाम्याचा पहिला नियम जमादारांनी मॅडमना ऐकवला: जे जसं पडलंय ते तसंच आधी लिहून घ्यायचं. मॅडम गठ्ठा नंबरानं लावायला निघाल्या होत्या. जमादारांनी त्यांचा हात थांबवला, वही काढली आणि वरून खालपर्यंत एकेक पान उचलून नावं उतरवली. शेप्या, गोट्या, केळ्या, काळ्या, असं करत करत सव्विसावा खोबऱ्या. नंबर प्रत्येक पानाच्या मागं चांगले ठळक घातलेले होते. आमराईत विहिरीपाशीचं झाड एक, ओढ्यापाशीचं सत्तावीस.

मग ते ओसरीवर गुरुजींच्या पत्नीपाशी, इरम्माबाईंपाशी जाऊन बसले. त्या शेंगा फोडत होत्या.

"मावशी, काल गुरुजी नसताना घरात कोण कोण आलं?"

"चौघं आली," इरम्माबाई म्हणाल्या. काल दिवसभर त्या याच जागी बसून होत्या आणि त्यांना डुलकी लागत नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं, त्यावरून जमादारांनी काय समजायचं ते समजून घेतलं. "कळंबचा त्यो रोपवाटिकेवाला शिवशंकर आला. गुरुजी येईस्तर बसतो म्हणला, आत बसला, फोनवर बोलत हुता, गेला. मग कुलदीप आला. त्याला पुस्तकात आपलं नाव नीट हाय का बघायचं हुतं. मग त्याची आई, कस्तुराबाई, तूप घिऊन आली. फडताळात ठिवते म्हणून आत गेली. शेवटी धोंडप्पा."

"धोंडप्पादादा कशाला?"

"गुरुजींचं डोळं कसं हायत इचारायला. पाणी प्यायला, आतल्या खोलीच्या उंबऱ्यात जरा टेकला, गेला. बोलतोय कुठं त्यो जास्त."

धोंडप्पा म्हणजे आंबे उतरवणारा. सत्तरी पार केलेला, पण पस्तीसचाळीस वर्षं त्या आमराईतल्या प्रत्येक फांदीवर पाय ठेवलेला. गेली सहा वर्षं कुलदीप सगळी आमराई बार्शीच्या व्यापाऱ्याला देत होता आणि व्यापारी आपली माणसं आणत होता, तेव्हापासून धोंडप्पा घरीच असे.

जमादारांनी वहीत चार नावं लिहिली. चौघंही ओळखीची, चौघांच्याही घरचं पाणी प्यायलेलं. खात्यात असताना हे सोपं असायचं, संशयित बहुधा परक्या गावचा असे.

३

शिवशंकर कळंबहून फोनवर सापडला आणि सापडल्या सापडल्या रडकुंडीला आला. "जमादार, खरं सांगतो, म्या फोटो काढले. शेंदऱ्याचा आन केळ्याचा. रोपाच्या पिशवीवर छापायला. गुरुजी नको म्हणले हुते, तरी काढले. पण उतराई मला कशाला? त्या झाडाची कलमं न्हाय धरत, तीन साल झाली बघतोय." चोरीबद्दल विचारलं तर त्यानं दुसरीच चोरी कबूल केली, म्हणून जमादारांनी त्याच्या नावापुढं प्रश्नचिन्ह ठेवलं आणि कुलदीपच्या घरी गेले.

कुलदीपनं त्यांना पलंगावर बसवलं. पंचेचाळिशीचा गडी, अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात सतत फोन. बायको पोरांच्या शिक्षणासाठी धाराशिवला राहते, इथं तो आणि आई दोघंच.

"जमादारकाका, गाव काय म्हणतंय मला ठाऊक आहे. उतराईपाशी मला शेततळं करायचंय, झाड मधी येतंय, म्हणून चित्र गायब केलं. पण झाड माझं, रान माझं. तोडायचंच असलं तर चित्राला हात लावून मला काय मिळणार?"

"पुस्तकात आलं झाड, की मग तोडलंस तर चार लोकं बोलतील."

"बोलतील की. पण मला उलट हौस आहे पुस्तकाची. सत्तावीस पानांवर माझं नाव, मालक म्हणून. त्या दिवशी देवळापुढं मॅडमनी अख्खं पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा माझी छाती फुगली होती, खोटं का बोलू? उतराईचं तर मीच सांगितलं मॅडमना. आमच्या कुणा पूर्वजानं कुणाचे तरी उपकार स्मरून ते झाड लावलं असणार, म्हणून उतराई. किती चांगलं नाव आहे."

"कुणाचे उपकार?"

"ते काय माहीत. नावावरूनच कळतंय की."

तेवढ्यात कस्तुराबाई चहा घेऊन आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, काटक, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. कुलदीप फोन घेऊन बाहेर गेला तशा त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"गुरुजी परत काढतील की चित्र," त्या म्हणाल्या.

"आता न्हाय काढता येणार, काकू. नजर गेली. उतराई शेवटचं चित्र हुतं त्यांचं."

कस्तुराबाईंनी चहाची बशी उचलली, जमादारांनी अजून एक घोटही घेतला नव्हता तरी. मग लक्षात आल्यासारखी परत ठेवली. "जमादार, पुस्तक एकदा छापलं की मग त्यातलं बदलता येतं का वं?"

"छापलं की संपलं. काळ्या दगडावरची रेघ."

"आसं," असं म्हणून त्या आत गेल्या. चहात साखर घालायची राहून गेली होती. जमादारांनी तो तसाच प्यायला.

४

शनिवारी सकाळी धोंडप्पा आपल्या दारात दोर वळत बसलेला सापडला. जमादारांनी इकडचं तिकडचं काढलं, मग सरळच विचारलं.

"दादा, उतराईचं चित्र तुम्ही नेलं का?"

"न्हाय."

"तुमचा कुलदीपवर राग हाय म्हणतात."

"राग कशाचा? त्याचं रान, त्यो कुणालाबी दील." त्याचे हात चालूच होते. "ल्हानपणी खांद्यावर घिऊन हिंडवलंय त्याला म्या आमराईत. राग येत न्हाय तसा."

"त्या झाडाला उतराई का म्हणतात?"

हात थांबले. "नाव हाय, झालं." आणि पुन्हा सुरू झाले.

हा माणूस काहीतरी गिळतोय हे न कळायला जमादार काही इतके कच्चे नव्हते. त्यांनी दुसरीकडून जायचं ठरवलं. ही गोष्ट त्यांना रात्रभर खात होती: नंबर मागं लिहिलेले असताना चोरानं पानं नंबरानं का लावली नाहीत? घाईत कोंबली म्हणावीत तर कडा एकसारख्या जुळवलेल्या होत्या. म्हणजे लावणाऱ्यानं मन लावून लावली होती, फक्त आकड्यांनी नाही. ज्याला आकडे वाचता येत नाहीत, पण फळ बघून आंबा ओळखतो, असा कुणीतरी. शिवशंकर आणि कुलदीप दोघं शिकलेले. त्यांनी मुद्दाम गोंधळ केला असता तर कसाही केला असता. आणि धोंडप्पा शाळेची पायरी चढलेला नव्हता.

त्यांनी वही उघडली आणि सव्वीस नावं सावकाश वाचली. धोंडप्पा डोळे मिटून ऐकत राहिला. पहिल्या दोनतीन नावांपर्यंत त्याची मान डोलत होती. मग डोलायची थांबली.

"हे कुणी लावलंय?"

"का?"

"पिकायच्या वळीनं लावाय गेलाय कुणीतरी, पण चुकलाय. शेप्याचा पयला पिकला आंबा खाली आला, पाड पडला, की दुसऱ्या दिवशी खोबऱ्याचा पाड पडतो. तुमी त्याला पार शेवटाला नेऊन बसवला. आन काळ्या झाडावर सगळ्यात शेवटी पाडाला येतो, त्यो चौथा कसा? झाडाखाली उभा राहिलेला माणूस असलं करणार न्हाय, जमादार."

जमादार वही मिटून उठले. त्यांच्या हातातला एकमेव अडाणी संशयित नुकताच त्यांच्या डोळ्यांदेखत सुटला होता. राहिलं होतं कोण?

५

संध्याकाळी दीपमालाबाई भाकरी थापत होत्या आणि जमादार चुलीपाशी पाटावर बसून वहीकडं बघत होते. दोन दिवसांचं सोयाबीन बाईंनी एकटीनं वाळवलं होतं, तेव्हा घरातली हवा जरा तापलेलीच होती.

"लागला का चोर?"

"चोराला आंब्यांचं कळतं, पण धड कळत न्हाय," जमादार म्हणाले. "खोबऱ्याला त्यानं शेवटी टाकलाय. धोंडप्पादादा म्हणतो त्याचा पाड दुसरा."

"पाड दुसरा आसंल. पण पिकतो शेवटीच की खोबऱ्या."

"म्हंजी?"

दीपमालाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि नवऱ्याकडं अशा नजरेनं बघितलं की चाळीस वर्षांचा संसार तिच्यात मावला. "तुमाला आयता ताटात आंबा येतोय, तुमाला काय ठाव. आवो, आमराई उतरवतात ती चारसहा दिवसांत सगळी. पाड दिसला की झालं. मग घरात गवताची आढी घालायची, आन त्यात ज्यो त्यो आपल्या चालीनं पिकतो. काळ्याची साल पातळ, त्यो तिसऱ्याचौथ्या दिवशी वास सोडतो. खोबऱ्याची साल जाड, त्यो पंधरा दिवस हात लावू देत न्हाय. रोज हात घालून चाचपून बघावं लागतंय. वाचा बरं तुमची यादी."

त्यांनी वाचली. भाकरी फुगली, उलटली, टोपल्यात गेली, दुसरी पडली.

"बराबर हाय," बाई म्हणाल्या. "सगळ्याच आंब्यांचं मला न्हाय ठाव, आमच्याकडं धाबारा जातीचे येतात वानवळ्याला. पण तेवढ्यांचं तरी बराबर हाय. आढीतून आंबा निघतो तसाच लावलाय."

जमादारांनी वही हळूच खाली ठेवली. झाडाखाली पुरुष उभा राहतो. आढीत हात बाईचा असतो. आणि सत्तावीसच्या सत्तावीस आंब्यांची आढी या गावात एकाच घरात लागत होती, आमराई व्यापाऱ्याला दिल्यावरही घरापुरती.

"दीपमाला," ते म्हणाले, "खात्यात तू असायला हवी हुतीस."

"मग भाकऱ्या कुणी केल्या असत्या?" बाई म्हणाल्या, पण त्या रात्री जमादारांच्या ताटात लोण्याचा गोळा जरा मोठा पडला.

६

रविवारी कुलदीप रानात गेल्याचं बघून जमादार त्याच्या घरी गेले. कस्तुराबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या. चोर म्हणून समोरच्याला काय म्हणायचं याची त्यांनी येताना वाटेत बरीच तयारी केली होती, ती सगळी विसरून गेली.

"काकू, औंदा खोबऱ्या कधी खाल्ला वं तुमी?"

"शेवटी. त्यो शेवटीच निघतो की आढीतनं," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. सुपातले हात तसेच राहिले. मग सूप बाजूला सारून त्यांनी विचारलं, "दीपमालेनं सांगितलं व्हय?"

"व्हय."

"पुरुषाच्या ध्यानात येणारं न्हवतंच ते." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "गुरुवारी म्या सगळी पानं खाली पसरली, उतराई हुडकायला. परत ठिवताना हातांनी आपली आपण लावली. मला वाटलं, नीट लावून ठिवावीत, गुरुजींचा जीव हाय त्यात."

त्या आत गेल्या आणि एक धुतलेलं लुगडं घेऊन आल्या. त्याच्या घड्यांत उतराईचं पान होतं. एक कोपराही दुमडला नव्हता. जमादारांनी फळाकडं बघितलं. देठापाशी हिरवं, खाली हळदीसारखं, आणि सालीवर चिकाचा एक बारीक ओघळ, तोसुद्धा गुरुजींनी सोडला नव्हता. खाली अक्षरं होती: मालक, कुलदीप पाटील.

"हे नाव खोटं हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "म्हणून नेलं."

"झाड तर तुमच्याच रानात हाय, काकू."

"रान आमचं. उतराई म्हंजी काय, जमादार? तुमी म्हणणार उपकार फेडणं. मॅडमबी तेच लिवून बसल्या. आवो, आंबं उतरवायची मजुरी म्हंजी उतराई. माझ्या सासऱ्यांनी धोंडप्पाच्या बापाला, वीरप्पाला, सांगितलं हुतं, तू आमची आमराई उतरव, आन तुझ्या उतराईत ह्या झाडाचा सगळा आंबा तुझा. पिढ्यान् पिढ्या. म्हणून त्यो उतराईचा आंबा. नंतर आंबा गळाला, नुसती उतराई राहिली."

जमादारांना धोंडप्पाचे थांबलेले हात आठवले.

"कुलदीपला सांगितलं न्हाय?"

"देवळापुढं वाचलं त्याच सांजेला सांगितलं. हसला. सातबाऱ्यावर माझं नाव, मग पुस्तकात दुसऱ्याचं कसं, म्हणला. आन त्याचा फोन वाजला. म्या अडाणी बाई, मला कोण इचारणार? मला वाटलं, पान न्हाय तर पुस्तक अडंल. पुस्तक अडलं तर कुणीतरी इचारत येईल, ह्या पानात आसं काय हाय." त्यांनी जमादारांकडं सरळ बघितलं. "तुमी आलात. लई बरं झालं. पण गुरुजींना परत काढता येत न्हाय हे मला ठाव न्हवतं. तुमी सांगितलं तवापासून घास गेला न्हाय माझा."

"पान म्या नेऊन देतो, काकू. तुमचं नाव कुठं येणार न्हाय."

"येऊ द्या," कस्तुराबाई म्हणाल्या आणि पायांत चपला सरकवल्या. "चला, म्या येते. धोंडप्पाला बोलवा. आन माझ्या लेकालाबी."

७

गुरुजींच्या ओसरीवर माणसं जमली. गुरुजी, इरम्माबाई, राजनंदिनी मॅडम, भिंतीला टेकलेला धोंडप्पा, आणि रानातून तसाच आलेला, पायाला माती लागलेला कुलदीप. जमादारांनी पान गुरुजींच्या हातात दिलं. गुरुजींनी ते डोळ्यांपाशी नेलं नाही, बोटांनी फक्त कागदाच्या कडा चाचपल्या आणि मांडीवर ठेवलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"गुरुजी, ह्यो नकाशा मला नीट काढता आला त्यो तुमच्यामुळं," जमादार म्हणाले. नकाशा कुठला हे कुणाला कळलं नाही. पण पन्नास वर्षं राहून गेलेलं त्यांनी बोलून टाकलं आणि त्यांना मोकळं वाटलं.

चोर कोण हे त्यांना सांगावं लागलं नाही. कस्तुराबाई स्वतःच पुढं झाल्या आणि सगळं बोलल्या, सासऱ्यांपासून लुगड्याच्या घडीपर्यंत. कुलदीप लालबुंद झाला.

"आई, अगं, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच. नाव लोकांसमोर वाचलं, मग हेबी लोकांसमोर." त्यांचा आवाज चढला नाही. "तुझे वडील गेले तवा तू आठ वर्सांचा. भाऊबंद म्हणले, आमराई तोडा आन लाकूड इका, बाईमाणसाकडनं काय हुतंय. ह्यो माणूस दारात आला आन म्हणला, वैनी, तुमी आढी घाला, झाडाचं म्या बघतो. दहा वर्सं त्यानं सगळी आमराई एकट्यानं उतरवली. गाडी जुपून बाजाराला नेली. तू शिकलास ते त्या आंब्यांवर. पैसा धरला न्हाय हातात, घेतला त्यो एका झाडाचा आंबा, त्याच्या बापापासनं चालत आलेला. आन सहा वर्सं झाली, त्योबी तू व्यापाऱ्याच्या टेंपोत घातलास."

"वैनी, कशाला काढता जुनं," धोंडप्पा जमिनीकडं बघत म्हणाला.

"हे एवढं सगळं मला ठाऊक नव्हतं," कुलदीप म्हणाला. तो धोंडप्पाकडं वळला. "काका, तुम्ही एकदा तरी बोलायचं."

"मजुरी मागून घ्यायची आसती. उतराई मागायची न्हाय आसं बापानं सांगितलं हुतं. देणाऱ्याच्या ध्यानात आसली तर ती उतराई."

कुलदीपनं फोन खिशात टाकला, ओसरीवर मांडी घालून बसला आणि गुरुजींच्या मांडीवरचं पान आपल्यासमोर ओढलं. "गुरुजी, कागदावरची शाई काढता येते?"

"ब्लेडनं. अगदी आडवं धरायचं. शाई तेवढी खरवडायची, कागद नाही," गुरुजी म्हणाले. "मग नखानं घोटून जागा गुळगुळीत करायची, नाहीतर नवी शाई पसरते. मॅडम करतील."

"मॅडम नको. माझं नाव आहे, मीच काढतो."

इरम्माबाईंनी ब्लेड आणि टाक आणून दिला. कुलदीप आपलं नाव खरवडायला लागला. मधेच ब्लेडची खरखर अडखळली, तेव्हा गुरुजींनी आपला हात पुढं करून त्याचं मनगट शोधलं आणि धरलं. पाटील गेला, मग कुलदीप गेला, मग मालक हा शब्दही गेला. जागा पांढरी झाली. मॅडमनी शब्द सांगितले आणि कुलदीपनं ते सावकाश लिहिले, शाळेत लिहायचा तसे, जीभ दातांत धरून.

"ओळ सरळ आली का?" गुरुजींनी विचारलं.

"थोडी वर चढलीय, गुरुजी."

"चढू दे. शाई वाळू दे आता, फुंकर मारू नको."

जमादारांना वाटलं, धोंडप्पा आता उठून जाईल. तो उठला, पण जायला नाही. कुलदीपशेजारी येऊन उकिडवा बसला आणि त्या ओल्या अक्षरांवर वाकला.

"काय लिवलंस रं?"

"आंब्याचे मालक, धोंडप्पा वीरप्पा."

म्हाताऱ्यानं डोक्यावरचा पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "माझ्या बापाचं नाव आजवर कुणी कागदावर लिवलं न्हवतं," तो म्हणाला. "परत एकदा वाच. सावकाश वाच."

कुलदीपनं पुन्हा वाचलं.